सहकार्याबद्दल धन्यवाद

डाव्या डोळ्यावर पुठ्ठा धरून मी चष्मेवाल्याच्या भिंतीवरची अक्षरं वाचत होते. शेवटून दुसऱ्या ओळीत अडखळले, आणि तेवढ्यात बाहेरच्या खांबावरून मीच बोलायला लागले. यात तसं नवल काही नव्हतं. पावसाच्या दिवसांत या शहरात मी जागोजागी बोलत असते. नदीकाठच्या प्रत्येक खांबावर माझा एक कर्णा आहे, आणि माणसं मला ऐकून वाळत घातलेले कपडे आत घेतात. चष्मेवाला हसत म्हणाला, "घ्या. तुम्ही इथे आणि तुम्हीच तिथे. आता डोळे कुणाचे तपासू?" मीही सवयीनं हसले. आणि मग माझ्या लक्षात आलं की वाक्य वेगळं आहे. "नदीने धोक्याची पातळी ओलांडली आहे. तळमजल्यावरील सर्व नागरिकांनी ताबडतोब उंच जागी जावे. घाबरून जाऊ नये. सहकार्याबद्दल धन्यवाद." पुठ्ठा तसाच डोळ्यावर राहिला. ही तिसरी सूचना होती. पहिली दर वर्षी वाजते, अलीकडे तर ऊठसूट वाजते. दुसरी पूर्वी क्वचित वाजायची, आता तिचीही सवय झाली आहे. तिसरी कधी वाजलीच नव्हती. ती आपण रेकॉर्ड केली होती एवढंच मला आठवत होतं, कशी बोललो होतो ते पार पुसलं गेलं होतं. त्यामुळे मी ती अनोळखी माणसासारखी ऐकली, आणि खोटं कशाला सांगू, पहिला विचार हा आला की काय गोड बोलते ही बाई. दुसरा विचार यायच्या आत चष्मेवाला म्हणाला, "हं, खालची ओळ वाचा." रस्त्यावर एक माणूस सायकलला कुलूप लावत होता, तो लावतच राहिला. एका बाईनं मान वर करून कर्ण्याकडे पाहिलं, समाधानानं मान हलवली आणि ती पुढे गेली. बाहेर चक्क ऊन पडलं होतं.

माझं काम तक्रारींचं. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत मी तक्रारीचा फोन घेते, आणि इतकी वर्षं घेते आहे की माणूस 'हॅलो' कसं म्हणतो यावरून तो किती वेळात विझणार हे मला सांगता येतं. ओरडणारा लवकर दमतो. रडणाऱ्याला नाव विचारावं, नाव सांगताना माणूस रडत नाही. हळू, नीट, मुद्देसूद बोलणारा सगळ्यांत अवघड, त्याला साहेबांकडे जोडून द्यावं. नळाला पाणी येणं न येणं माझ्या हातात नव्हतंच. माझ्या हातात होता फक्त समोरच्याचा श्वास. तो एका लयीत आला की माझं काम झालं. आणि शेवटी एक युक्ती होती, ती मला कुणी शिकवली नाही, माझी मीच शोधली: आभार मानायचे. तुम्ही आभार मानलेत की माणसाला वाटतं, आपण काहीतरी केलं. तो फोन ठेवतो. पाणी दुसऱ्या दिवशीही येत नाही, पण तो पुन्हा फोन करतो तेव्हा आधी माझी विचारपूस करतो. म्हणूनच पूरनियंत्रणाच्या साहेबांना कर्ण्यांसाठी आवाज हवा होता तेव्हा त्यांनी नटीबिटी शोधली नाही, सरळ आमच्या खोलीत आले. "लोक घाबरता कामा नयेत," ते म्हणाले. "घाबरून पळाले तर पुरापेक्षा चेंगराचेंगरीत जास्त जातील. तुम्ही फोनवर बोलता ना, तसंच बोला." साठवणीच्या खोलीत गाद्या उभ्या लावून त्यांनी मला मध्ये बसवलं. पहिली सूचना झाली, दुसरी झाली, सगळ्यांना भूक लागली होती. तिसरी वाचण्याआधी मी विचारलं, "साहेब, ही वाजेल का हो कधी?" साहेबांनी डबा उघडता उघडता उत्तर दिलं, "आपल्या हयातीत नाही. पण कागदावर असावी." मी वाचली, आणि कागदावर नसलेलं 'सहकार्याबद्दल धन्यवाद' तोंडून आपोआप आलं. साहेब खूश झाले. म्हणाले, हे तिन्हींना लावून टाकू. साहेब आता निवृत्त होऊन टेकडीवर राहतात. हयात आहेत.

बस पुलाच्या अलीकडेच थांबवली होती. माझं घर पलीकडे, नदीला लागून असलेल्या गल्लीत, तळमजल्यावर. आणि घरात सासूबाई एकट्या. नवरा कामानिमित्त दूरच्या शहरात असतो, महिन्याकाठी येतो आणि आल्यावर दोन्ही पक्षांचं म्हणणं ऐकून घेऊन जातो. सासूबाईंचा गुडघा कामातून गेलेला. जिना चढायचा तर धरायला माणूस लागतं, आणि मुळात चढायला मन लागतं; ते तर नाहीच, कारण आमच्या वर शिंपी राहतो, गल्ली त्याला मास्तर म्हणते. एकदा त्यानं त्यांच्या ब्लाउजचं माप गल्लीत कुणाला तरी हसत हसत सांगितलं, असं त्यांच्या कानावर आलं. तेव्हापासून त्यांचा वरच्या मजल्याशी संबंध तुटला. वरच्या गॅलरीतून पाणी ठिबकलं तरी त्या वर पाहत नाहीत, हात पुढे करून तळव्यावर थेंब घेतात आणि म्हणतात, "पडू दे. मेल्याचं मन कळतंय." पुलावर पोलीस दोर बांधत होता. मी म्हटलं, पलीकडे सासू आहे. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि दोर वर उचलला. सासू म्हटल्यावर त्यानं दोर वर उचलला तो दयेनं की गंमत म्हणून, ते मी अजून ठरवलेलं नाही.

पुलाच्या मध्यावर मी थांबले. थांबायचं नव्हतं, पाय थांबले. या नदीकडे मी लग्न झाल्यापासून पाहते आहे. तिला आम्ही दोन्हीकडून भिंती घालून दिल्या होत्या, वर फिरायला फरशी, बसायला बाकडी. नवी सून घरात आली की तिला एक कपाट दाखवतात ना, एवढ्यात मावायचं म्हणून, तसं. बरीच वर्षं तिनं निमूट मावून दाखवलं. वरच्या अंगाला डोंगर सोलले, तळी बुजवून घरं उठली, पूर्वी महिनाभर पुरवून पुरवून पडणारा पाऊस आताशा दोन दिवसांत सगळा ओतून मोकळा होतो. हे सगळं मी तक्रारींच्या फोनवर तुकड्यातुकड्यांनी ऐकलं होतं, पण ते तुकडे एकत्र येऊन असं चालत येताना पाहिलं नव्हतं. भिंती नव्हत्या. बाकडी नव्हती. नदी सपाटही नव्हती, हे मला कधी कुणी सांगितलं नव्हतं: ती मध्यभागी फुगून उंच झाली होती, झोपलेल्या जनावराच्या पाठीसारखी, आणि दोन्ही काठांकडे उतरत होती. त्या पाठीवरून एक अख्खं झाड उभंच्या उभं गेलं, पानं हलवत, कुठेतरी निघाल्यासारखं. मग एक कपाट गेलं, आरशासकट. आरशात क्षणभर ऊन, आकाश आणि बहुधा मीही. आवाज म्हणावा असा काही नव्हता. कठड्यावर हात ठेवला तेव्हा तो हाडातून आला, कोपरापर्यंत, मग दाढांत. एवढं मोठं काही इतक्या जवळून मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. भीती वाटायला हवी होती. वाटलं ते भीतीच्या अलीकडचं काहीतरी होतं, लहानपणी अंधारात वडिलांचं झोपलेलं अंग किती प्रचंड दिसायचं, तसलं. आणि त्या सगळ्यावर, दोन्ही काठांवरच्या खांबांवरून, थोड्या थोड्या अंतरानं माझा आवाज: घाबरून जाऊ नये. तो आवाज आणि ती पाठ. मला हसू आलं, आणि ते हसू तोंडात तसंच राहून गेलं, कारण काठावरच्या घरांच्या पायऱ्यांवर माणसं बसलेली दिसत होती. बसून ऐकत होती.

गल्लीच्या तोंडाशी घड्याळजी आपल्या दुकानाच्या पायरीवर बसला होता, डोळ्याचं भिंग कपाळावर ढकललेलं. गल्लीत मला 'नदीची सून' म्हणतात. नाव त्यानंच पाडलं. "काय नदीच्या सूनबाई," तो म्हणाला, "आज नवीन कडवं काढलंत."

"काका, वर जा. दुकान राहू दे. माळ्यावर नाही, गच्चीत जा."

"जातो की. तुम्ही आधीच आभार मानून ठेवलेत, आता नाही म्हणता येतं का?" असं म्हणून त्यानं भिंग पुन्हा डोळ्यावर ओढलं आणि एका मनगटी घड्याळाचं पोट उघडलं. त्याच्या डोक्यावरच्या खांबाच्या बुडाशी, कर्ण्याच्या विजेच्या पेटीच्या खाली, पाण्याची एक पातळ जीभ फरशांच्या सांध्यांतून पुढे येत होती. इतकी हळू, इतकी शहाण्यासारखी, की ती नदीचीच आहे असं म्हणायला धीर होईना. पुलावर पाहिलेली ती पाठ आणि ही जीभ, एकाच अंगाची.

सासूबाई दाराकडे तोंड करून खुर्चीत बसल्या होत्या. सासऱ्यांचा जुना स्वेटर उसवून त्याची लोकर त्या गुंडाळत होत्या. दर हिवाळ्यात त्या स्वेटरचं काहीतरी दुसरं विणतात आणि कुणालाच आवडलं नाही की पुन्हा उसवतात. "आलीस?" त्या म्हणाल्या. "चष्म्याचं काय झालं?"

"आई, उठा. वर जायचंय."

"वर म्हणजे?"

"मास्तरांकडे. पाणी येतंय."

"मग ओरडतेस कशाला? बाहेर बघ, ती कशी सांगतेय. शांतपणे. तुझ्यापेक्षा तिला जास्त माहिती असेल."

"अहो, ती मीच आहे."

"असशील. पण घरात कधी अशी बोलली नाहीस." त्यांनी लोकरीचा गुंडा फिरवला. "तिच्या बोलण्यावरून तरी घाईचं काही वाटत नाही. आणि दारात मी बसलेय की. आलं तर दिसेलच."

दारातून नाहीच आलं. मागे न्हाणीघरात मोरीनं गुळणी केल्यासारखा आवाज झाला. मी गेले तर जाळीतून पाणी वर येत होतं, दर खेपेला थोडं जास्त, जणू खाली कुणी श्वास घेत होतं. आपण इतकी वर्षं जे जे खाली सोडलं, ते परत करायला आली होती ती. पुढच्या दाराला तिनं हात लावला नव्हता. घरच्या माणसासारखी मागच्या दारानं आली होती. मी तिथेच उभी राहिले, पाणी घोट्याला लागलं, थंडगार, आणि त्यात वरच्या डोंगरांच्या मातीचा वास होता, मी कधी न पाहिलेल्या गावांचा. बाहेरून सासूबाई म्हणाल्या, "तुंबली असेल मोरी. तुझ्याच ऑफिसात तक्रार नोंदव."

मग मी सगळं करून पाहिलं. ओरडले, तर त्या म्हणाल्या, शेजारीपाजारी ऐकतील. हात धरून ओढलं, तर गुडघा धरून अशा कळवळल्या की मलाच बसावं लागलं. मुलाची शपथ घातली, तर म्हणाल्या, त्याला फोन लाव, तो काय म्हणतो बघू; फोन लागत नव्हता. मी धापा टाकत होते आणि दर थोड्या वेळानं दाराबाहेरच्या खांबावरची ती, न दमता, न घाम येता, माझं प्रत्येक वाक्य परतवून लावत होती. घाबरून जाऊ नये. सासूबाई तिच्या बाजूला मान कलती करून ऐकायच्या आणि माझ्याकडे पाहायच्या: बघ. आमच्या लग्नानंतरच्या इतक्या वर्षांत त्यांनी माझं एक ऐकलं नव्हतं. मीठ कमी घाला म्हटलं की चिमूटभर जास्त, छत्री घ्या म्हटलं की ती मुद्दाम कोपऱ्यात. आणि आज त्या माझा शब्दन् शब्द झेलत होत्या, फक्त तो माझ्या तोंडून यायला नको होता. शेवटी पाणी खुर्चीच्या पायांना लागलं. लोकरीचा एक धागा त्यावर तरंगत दाराकडे निघाला. त्यांनी पाय वर घेतले, खुर्चीत मांडी घातली आणि पुन्हा गुंडाळायला लागल्या, आणि तेव्हा मला पहिल्यांदा दिसलं की त्या गुंडाळलेलंच सोडून पुन्हा गुंडाळत आहेत. त्यांना कळत नव्हतं असं नाही. कळत होतं. पण कुणीतरी शहाणं माणूस बाहेर शांतपणे बोलतंय तोवर आपल्याला घाबरायची गरज नाही, ही सवलत त्या सोडत नव्हत्या. कुणी सोडली असती? मी रोज फोनवर तीच तर वाटत होते.

मी गप्प बसले. त्यांच्या खुर्चीशेजारी स्टूल ओढलं आणि पाण्यात पाय सोडून बसून राहिले. सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं. होतं ते बाहेर सांगितलं जात होतं. "नदीने धोक्याची पातळी ओलांडली आहे. तळमजल्यावरील सर्व नागरिकांनी ताबडतोब—"

आणि ती थांबली. ताबडतोबच्या पुढे नुसती एक खरखर, मग तीही नाही.

सासूबाईंचे हात थांबले. त्या वाट पाहत होत्या. मीही. गल्ली वाट पाहत होती; कुणी भांडं खाली ठेवलं, कुणाचं मूल मध्येच बोलायचं थांबलं. ती पुढचं वाक्य बोलेल, घाबरून जाऊ नये म्हणेल, आभार मानेल. त्या मोकळ्या जागेत हळूहळू दुसरा आवाज भरायला लागला. तो मघापासून तिथेच होता. पुलावर हाडातून ऐकलेला. भिंतींतून, खुर्चीच्या पायांतून, फडताळातल्या कपबश्यांतून. खालच्या पट्टीतला, रुंद, कुणाशीच न बोलणारा.

"गप्प का झाली गं?" सासूबाईंनी विचारलं.

"पेटीत पाणी शिरलं असेल."

"तिच्या?"

"हो."

त्यांनी लोकर मांडीवर ठेवली. मग पाण्यात एक पाय सोडला, दुसरा सोडला, आणि माझ्या खांद्यावर सगळा भार टाकत उभ्या राहिल्या. "चल," त्या म्हणाल्या. "आता सांगायला कुणी नाही."

दाराबाहेर आलो तर सगळी गल्ली बाहेर आली होती. दिवसभर जी पायरीवरून हलली नव्हती ती माणसं, कुणी पोर काखेत घेऊन, कुणी गादी डोक्यावर, कुणी रिकाम्या हातांनी, भराभर जिन्यांकडे निघाली होती. कुणी कुणाला काही सांगत नव्हतं. चेंगराचेंगरी झाली नाही. साहेबांना हे कळवायला हवं. जिना आम्ही असा चढलो की एका पायरीवर सासूबाई मला शिव्या देत, दुसऱ्या पायरीवर गुडघ्याला, आणि वळणावर, जिथे वरचं दार दिसायला लागलं, तिथे एकदम गप्प झाल्या. मास्तर दारातच उभे होते. गळ्यात टेप, हातात कात्री, गल्लीतल्या त्यांच्या दुकानातून वाचवलेलं तेवढंच. "या," ते म्हणाले.

"माप द्यायला नाही आले," सासूबाई म्हणाल्या.

"आज कुणाचंच घेत नाहीये. या गॅलरीत, बघा. हिचं कुठल्या टेपनं घ्यायचं ते सांगा."

गॅलरीतून गल्ली दिसत होती आणि गल्लीच्या पलीकडे, जिथे काल भिंत, फरशी, बाकडी आणि मग नदी होती, तिथे आता नुसतंच ते. पलीकडच्या काठापर्यंत एकच पाठ, तपकिरी, उन्हात चमकणारी, चालती. घरं तिच्यात उभी होती, पण ती घरं आपली, आपण बांधलेली, असं वाटेना. नदीनं काही वेळ उभी राहू दिलेली, असं वाटायला लागलं. सासूबाईंनी कठडा धरला आणि त्यांच्या तोंडून हळूच "अगंबाई" एवढंच आलं, ज्या सुरात त्या लग्नघरात एखाद्या अतिदेखण्या बाईला पाहून म्हणतात. आणि तेव्हाच गल्लीच्या तोंडाशी मला घड्याळजी दिसला. पायरीवर. गुडघाभर पाण्यात. त्याच्या डोक्यावरचा खांब अजून चालू होता.

म्हणजे तिथे मी अजून बोलत होते. पुसट ऐकू येत होतं. घाबरून जाऊ नये. तो मान खाली घालून घड्याळांचे ट्रे एकावर एक रचत होता, सावकाश, जणू दुकान बंद करायची वेळ झालीय एवढंच. त्याच्या मागून, जिथे त्याची पाठ होती तिकडून, पाणी गल्लीत वळत होतं. मघाच्या जिभेचा आता खांदा झाला होता. मी ओरडायला तोंड उघडलं. आणि माझ्या तोंडून काय यावं? "अहो काका, कृपया वर जा." कृपया. गोल, मऊ, नीट पायरीपायरीनं उतरणारा आवाज, माझा, आयुष्यभर घासून गुळगुळीत केलेला. पुन्हा ओरडले, पुन्हा तेच. गळ्याला दुसरी वाटच उरली नव्हती. त्यानं खांबाकडे पाहिलं. दोन्हीकडून एकच आवाज येतोय, याचं त्याला कौतुक वाटलं असावं, कारण त्यानं खांबालाच हात केला.

सासूबाईंनी मला कोपरानं बाजूला सारलं. कठड्यावर दोन्ही तळवे रोवले, छाती भरून घेतली, आणि ज्या आवाजाला मी घरात वर्षानुवर्षं दारं लावून घेत आले, तो आवाज गल्लीवर सोडला.

"ए घड्याळ्या! मेल्या, मरायचंय का तुला? टाक ते डबडं आणि चढ वर! चढ म्हणते ना!"

ट्रे पाण्यात पडले. तो माणूस उठला, मागे वळून पाहिलं, आणि ज्या चपळाईनं तो शेजारच्या जिन्याला जाऊन भिडला ती त्याच्या अंगात आहे हे त्यालाही ठाऊक नसेल. तो जिन्याच्या वळणावर नाहीसा झाला आणि त्याची पायरी दिसेनाशी झाली, या दोन गोष्टींत फार अंतर पडलं नाही. खांब थोडा वेळ बोलत राहिला. सहकार्याबद्दल, तो म्हणाला, आणि तिथे तोही संपला.

मास्तरांनी आतून खुर्ची आणली. सासूबाई बसल्या, दुखरा पाय लांब केला, आणि मास्तरांनी त्याखाली न विचारता कापडांचा गठ्ठा सरकवला. "आवाज काय आहे हो तुमचा," ते म्हणाले. त्यांनी पाय गठ्ठ्यावर नीट टेकवला. एरवी गठ्ठा ढकलून दिला असता. गल्लीतल्या सगळ्या गच्च्यांवर, गॅलऱ्यांत माणसं उभी होती, आणि इतकी माणसं इतकी गप्प मी पूर्वी कधी पाहिली नव्हती. माझा धंदाच माणसांना गप्प करण्याचा, पण ही शांतता माझ्या हातची नव्हती. खाली ती चालली होती, आमच्या दारांवरून, कुणाचं काही न ऐकता, कुणाला काही न सांगता. उन्हाची तिरीप तिच्या फुगलेल्या पाठीवर पडली आणि ती एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत लकाकली. सासूबाईंनी मान कलती केली होती. ओठ किंचित विलग, डोळे बारीक. मघा खांबावरच्या त्या बाईचं ऐकताना होत्या तशा, पण तेव्हा त्या ऐकून निश्चिंत होत होत्या आणि आता तसं काही नव्हतं. त्यांचा हात चाचपडत आला आणि माझं मनगट सापडल्यावर त्यावर घट्ट बसला. मी बोलायला तोंड उघडलं, निदान आई म्हणायला.

"थांब," त्या म्हणाल्या. "ऐकू दे तिचं."